कालाउपापातील शेजारधर्म

आमच्या लहानपणी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात फादर डेमियन यांची गोष्ट वर्षातून एकदा तरी सांगितली जाई. तिचा साचा ठरलेला असे. समुद्राने वेढलेले एक भयाण बेट; त्यावर टाकून दिलेले, दारू पिऊन आपसांत भांडणारे, देवाधर्माला पारखे झालेले महारोगी; आणि त्या अंधारात एके दिवशी होडीतून उतरलेला एक तरुण बेल्जियन धर्मगुरू. पुढे घरे उभी राहत, प्रार्थना सुरू होत, महारोगी माणसांत येत, आणि एका रविवारी तो धर्मगुरू प्रवचनाच्या आरंभी ‘माझ्या बंधूंनो’ असे न म्हणता ‘आम्ही कुष्ठरोगी’ असे म्हणे. या ठिकाणी वर्ग निःशब्द होई. शिक्षिकाबाईंचा आवाज तेथे हमखास कापरा होई, आणि आमच्याही डोळ्यांत पाणी उभे राही.

ती गोष्ट खोटी नव्हती. ती अर्धी होती, आणि तिच्या गाळलेल्या अर्ध्या भागात आठ हजार माणसे होती. ती माणसे कोण होती, त्यांची नावे काय होती, डेमियन येण्यापूर्वी ती कोणत्या देवाला हाक मारीत होती, एकमेकांचे मृतदेह कोण उचलीत होते, हे प्रश्न आम्हाला त्या वर्गात कधी पडले नाहीत. संताची मूर्ती उजळावी म्हणून मागचा पडदा काळा रंगवायचा, ही आमच्या भाविक चरित्रलेखनाची जुनी खोड आहे. मोलोकाई बेटावरील रोग्यांच्या बाबतीत तो काळा रंग अंमळ जास्तच जाड बसला. गेल्या काही दशकांत हवाईयन भाषेतील जुनी पत्रे, अर्ज आणि वृत्तपत्रे अभ्यासकांनी वाचून काढल्यावर तो खरवडला जाऊ लागला आहे. खाली जे दिसते ते पाहून डेमियन लहान होत नाहीत. त्यांच्याभोवती माणसे दिसू लागतात, इतकेच.

हवाईचे राजे पाचवे कामेहामेहा यांनी ३ जानेवारी १८६५ रोजी कुष्ठरोगाच्या प्रसाराला आळा घालणारा कायदा मंजूर केला. त्या काळाचा विचार केल्यास त्यामागची भीती समजण्याजोगी होती. बाहेरून आलेल्या जहाजांबरोबर देवी, गोवर, इन्फ्लुएंझा असे रोग येऊन मूळ हवाईयन लोकांची संख्या काही पिढ्यांत विलक्षण घटली होती. त्यात हा नवा रोग आला. लोकांनी त्याला ‘माई पाके’, म्हणजे चिनी रोग, असे नाव ठेवले. रोगाचे खापर परक्या मजुराच्या डोक्यावर फोडण्याची रीत कोणत्याही एका देशाची मिरासदारी नव्हे. मात्र कायदा लागू झाल्यावर त्याच रोगाला आणखी एक नाव पडले, ज्याचा अर्थ ताटातूट करणारा रोग असा होतो. आमच्या भाषेने ‘महारोग’ म्हणताना रोगाचा आकार पाहिला. हवाईयन भाषेने त्याची करणी पाहिली. रोग शरीराची बोटे तोडीत होता त्याहून अधिक सरकार घरे तोडीत होते. संशयितास पोलीस पकडून नेत, वैद्य तपासत, आणि रोग ठरला की नवऱ्यापासून बायको, आईपासून मूल वेगळे होई. पुढे वसाहतीत जन्मलेली मुलेही आईबापांपासून काढून घेतली जात.

यासाठी निवडलेली जागा म्हणजे मोलोकाईच्या उत्तर किनाऱ्यावरील एक चिंचोळे भूशीर. तीन बाजूंना खवळता समुद्र आणि चौथ्या बाजूला दीडदोन हजार फूट उंचीचा उभा कडा. ६ जानेवारी १८६६ रोजी नऊ पुरुष आणि तीन स्त्रिया अशा बारा रोग्यांची पहिली तुकडी तेथे उतरवण्यात आली. हे लोक शेती करून स्वतःचे पोट भरतील, अशी सरकारची कल्पना होती. हातापायांची संवेदना गेलेल्या माणसांकडून नांगराची अपेक्षा करणारी ती कल्पना कोणा टेबलाशी बसलेल्या माणसालाच सुचू शकते. त्या पहिल्या बाराजणांना आधार मिळाला तो त्या भूशिरावर पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या मूळ गावकऱ्यांचा. हे गावकरी निरोगी होते. त्यांनी रोग्यांना हाकलले नाही. आपल्यात राहू दिले, मदत केली. पुढे १८९५ मध्ये सरकारनेच या गावकऱ्यांना तेथून उठवले. कोणत्याही चरित्रग्रंथात त्यांचा पुतळा नाही.

त्याच वर्षी, म्हणजे १८६६ मध्ये, पस्तीस रोग्यांनी एकत्र येऊन आपली एक ख्रिस्ती मंडळी स्थापन केली. हे लोक प्रोटेस्टंट होते. त्यांच्याजवळ ना मंदिर होते ना कायमचा पाळक. त्यांनी आपल्या मंडळीला नाव दिले ‘सिलोआमा’. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील त्या तळ्याचे हे नाव आहे, जेथे प्रभूने जन्मांध माणसाला डोळे धुवायला पाठवले. हे नाव त्यांनी का निवडले असावे, याचा विचार आम्ही पुष्कळदा केला. तो अध्याय बरे होण्याचा आहे हे खरे. पण त्याच्या आरंभीच शिष्य प्रभूला विचारतात की, याच्या आंधळेपणाला कोणाचे पाप कारण, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. ज्यांच्या रोगाला उभे जग पापाची शिक्षा म्हणत होते, त्या पस्तीसजणांनी आपल्या मंदिराच्या कपाळावर हा अध्याय कोरून ठेवला. डेमियन यांना त्या किनाऱ्यावर पाऊल ठेवायला अजून सात वर्षे अवकाश होता. आमच्या धर्मशिक्षणाच्या गोष्टीतील ‘देवाधर्माला पारखे झालेले महारोगी’ ते हे.

कॅथलिक रोगीही स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी धर्मगुरूसाठी मागणी लावून धरली होती, आणि संत फिलोमिनाच्या नावाचे छोटे मंदिर १८७२ मध्ये, म्हणजे डेमियन येण्याच्या आदल्या वर्षी, त्यांच्याच संघाच्या एका व्रतस्थ बंधूने कालावाओ येथे उभारलेही होते.

या वसाहतीत आणखी एक वर्ग होता. त्याला हवाईयन भाषेत ‘कोकुआ’ म्हणतात. कोकुआ म्हणजे मदतनीस. पण येथे त्याचा अर्थ, आपण निरोगी असूनही आपल्या रोगी माणसाबरोबर स्वेच्छेने हद्दपारी पत्करणारा आप्त. बायकोबरोबर नवरा, मुलाबरोबर आई, कधी मित्राबरोबर मित्र. गावाला, शेताला, उरलेल्या नातेवाइकांना सोडून ही माणसे त्या कड्याखाली उतरली. स्वयंपाक, जखमा धुणे, लाकूडफाटा, पाणी, शेवटी थडगे खणणे हे सगळे त्यांनी केले. त्यांपैकी बहुतेकांना रोग झाला नाही. जवळजवळ सर्व माणसांच्या शरीरात या रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती उपजत असते आणि तो फार मंदगतीने पसरतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्यांना ते ठाऊक नव्हते. आपल्यालाही तो होईल, असे समजूनच ती गेली.

अशा कोकुआंपैकी एकाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. जोनाथन नापेला हे मावी बेटावरील प्रतिष्ठित गृहस्थ. न्यायाधीशाचे काम त्यांनी केलेले; मॉर्मन पंथ स्वीकारलेला; त्या पंथाच्या मुख्य ग्रंथाच्या हवाईयन अनुवादात त्यांचा मोठा वाटा होता. १८७३ मध्ये त्यांची पत्नी किटी हिला रोग असल्याचे ठरले, आणि नापेला तिच्याबरोबर मोलोकाईला गेले. आरोग्य मंडळाने त्यांना तेथे देखरेखीचे काम दिले. पुढे वसाहतीतील नियमबाह्य माणसांना त्यांनी अन्न दिले, या कारणावरून ते काम काढून घेण्यात आले आणि त्यांनी परत जावे असा रेटा आला. तेव्हा त्यांनी मंडळाला विनवणीचे पत्र लिहिले. आशय असा की, विवाहाच्या वेळी आपण देवासमोर शपथ घेतली आहे. आरोग्यात आणि आजारात आपण हिला सांभाळीन, असे वचन दिले आहे. ते वचन मला पाळू द्यावे. त्यांना राहू देण्यात आले. कालांतराने त्यांना रोगाची लागण झाली. १८७९ च्या ऑगस्टमध्ये ते वारले आणि सुमारे दोन आठवड्यांनी किटीही गेली.

विवाह हा संस्कार आहे, हे आम्ही कॅथलिक लोक अभिमानाने सांगतो. त्या संस्काराचे इतके शब्दशः पालन ज्याने केले तो आमच्या दृष्टीने त्या काळी पाखंडी होता, ही गोष्ट पचवायला सोपी नाही.

जोसेफ डी व्हूस्टर, म्हणजेच फादर डेमियन, १० मे १८७३ रोजी मोलोकाईवर उतरले. वय तेहतीस. धर्मगुरूंनी आळीपाळीने काही महिने तेथे राहावे, अशी मूळ योजना होती. ते गेले आणि राहिले. त्या वेळी वसाहतीत सातआठशे रोगी होते. त्यांनी केलेल्या कामाची यादी सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती येथे देत नाही. दोनच तपशील सांगतो, कारण ते आमच्या वर्गात कधी सांगितले गेले नाहीत. मिस्साबलीच्या वेळी रोग्यांना वारंवार थुंकावे लागे आणि संकोचाने ते मंदिरात येत नसत. डेमियन यांनी बाकांजवळ लाकडी जमिनीत भोके पाडून दिली. आणि जखमांचा वास सहन व्हावा म्हणून ते चिलीम ओढू लागले. वास येत नाही असे सोंग त्यांनी आणले नाही. करुणेत असा व्यवहार असावा लागतो.

ते निर्दोष मात्र नव्हते. स्वभाव तापट, हुकूमत गाजवण्याची सवय, दुसऱ्याबरोबर काम करण्याचे कसब कमी. पंथाभिमान कडवा. सिलोआमाच्या मंडळीची भक्ती त्यांना भक्ती वाटली नसावी. वसाहतीत दोन पंथांत आत्म्यांसाठी रस्सीखेच चाले आणि डेमियन तीत हिरिरीने उतरत. परंतु दाराशी जखम घेऊन आलेल्याला त्याचा पंथ विचारण्याची रीत त्यांनी ठेवली नाही, आणि घरे बांधताना कॅथलिक कोण हे पाहिले नाही. नापेलांशी त्यांची मैत्री होती, असे मॉर्मन परंपरा सांगते. एका खोपटातील माणसाला पाखंडी म्हणायचे आणि संध्याकाळी त्याच्याच छपरावर खिळे ठोकायचे, हा विसंवाद ज्याच्या आयुष्यात राहिला, तो माणूस आम्हाला सुबक संतापेक्षा जास्त जवळचा वाटतो.

‘आम्ही कुष्ठरोगी’ या शब्दांविषयीही येथे सांगून टाकतो. रोग झाल्यावर एका रविवारी त्यांनी ते प्रथम उच्चारले, ही आख्यायिका आहे. प्रत्यक्षात १८७३ मध्येच, अंगावर एकही चट्टा नसताना, आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात प्रवचनात आपण असे म्हणतो असे त्यांनी कळवले होते. आणि एक भाषिक गंमत. इंग्रजीत ‘वुई’ एकच. मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन आहेत. पहिल्यात ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यात तो सामावतो. हवाईयन भाषेतही असाच भेद आहे: ‘माकोउ’ म्हणजे तुम्हाला वगळून आम्ही, ‘काकोउ’ म्हणजे तुमच्यासह आपण. डेमियन प्रवचन हवाईयन भाषेत देत. समोर बसलेल्यांना उद्देशून बोललेल्या त्या शब्दांचा मराठी अनुवाद ‘आपण कुष्ठरोगी’ असा करायला हवा होता. आमच्या बाईंचा ‘आम्ही’ इंग्रजीतून आला आणि येताना रोग्यांना बाहेर ठेवून आला.

१८८४ च्या अखेरीस उकळत्या पाण्यात पाय पोळला तरी वेदना झाली नाही, तेव्हा डेमियन यांना आपल्या रोगाची खात्री पटली. त्यानंतरची चार वर्षे वाचताना आमची मान खाली जाते. १८८६ मध्ये त्यांना होनोलुलूला उपचारासाठी जायचे होते. प्रांतप्रमुखांनी त्यांना लिहून कळवले की, तुम्ही आलात तर कुष्ठरुग्णालयातच राहावे लागेल. तुम्ही वापरलेले मिस्सापात्र आणि वस्त्रे घेऊन आम्ही मिस्सा अर्पण करणार नाही. ज्या पात्रातील रक्त सर्वांसाठी सांडले गेले असे आपण मानतो, त्या पात्राबद्दल हे शब्द एका धर्मगुरूने दुसऱ्या धर्मगुरूला लिहिले. लिहिणारा दुष्ट होता असे आम्ही म्हणणार नाही. तो भ्यालेला होता. आणि थोडासा दुखावलेलाही, कारण जगभरच्या वृत्तपत्रांत डेमियन यांचे नाव गाजत होते आणि बाकीच्या मिशनने रोग्यांकडे दुर्लक्ष केले असा अर्थ त्यातून निघत होता. तरीही डेमियन गेले. तेथील रुग्णालयात त्यांचे स्वागत मदर मरियान कोप यांनी केले. त्या फ्रान्सिस्कन धर्मभगिनी १८८३ मध्ये सहा भगिनींसह न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजहून हवाईला आल्या होत्या. पन्नासहून अधिक संघांनी ज्या विनंतीला नकार दिला होता, ती त्यांनी स्वीकारली होती. आपल्या एकाही भगिनीला हा रोग होणार नाही, असे आश्वासन त्यांनी दिले, हात धुण्याची कडक शिस्त लावली, आणि एकीलाही तो झाला नाही. ‘स्पर्श करू नका’ आणि ‘स्पर्श करून हात धुवा’ या दोन सूचनांमध्ये केवढे अंतर आहे!

स्वकीय असे वागत असताना परके कसे वागले? लंडनमधील कॅम्बरवेलच्या अँग्लिकन मंदिराचे पाळक ह्यू चॅपमन यांनी डेमियन यांच्यासाठी निधी जमवला आणि सुमारे हजार पौंड पाठवले. मुलींच्या आश्रमासाठी पैसा दिला तो चार्ल्स बिशप या प्रोटेस्टंट सावकाराने. मुलांच्या आश्रमाला साहाय्य केले हेन्री बॉल्डविन या मळेवाल्याने, आणि ते तर प्रोटेस्टंट मिशनऱ्याचेच चिरंजीव. १८८८ च्या डिसेंबरात एडवर्ड क्लिफर्ड नावाचे अँग्लिकन चित्रकार डेमियन यांना भेटायला आले. त्यांनी बरोबर आणले होते गुरजन वृक्षाचे तेल. अंदमानात डॉ. डूगल यांनी त्याचा कुष्ठरोगावर प्रयोग केला होता आणि क्लिफर्ड यांना हिंदुस्थानच्या प्रवासात त्याची माहिती मिळाली होती. रोग त्याने हटणार नव्हता. तरी आपल्या देशातले तेल त्या पायांवर चोळले गेले, हा धागा आम्हाला सोडवत नाही. क्लिफर्ड यांनी काढलेली चित्रे डेमियन यांच्या अखेरच्या दिवसांची आहेत. १५ एप्रिल १८८९ रोजी, पुण्यसप्ताहाच्या सोमवारी, ते वारले.

त्यानंतरचा वाद साहित्याच्या इतिहासात गाजला आहे. होनोलुलूचे रेव्हरंड हाइड यांनी एका सहकाऱ्याला खाजगी पत्र लिहिले. डेमियन गलिच्छ आणि हेकट होते, आणि रोग त्यांना स्वतःच्या अनाचारामुळे झाला, असा त्यातला आरोप. ते पत्र ऑस्ट्रेलियात छापले गेले. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे डेमियन यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच कालाउपापात आठवडाभर राहून आले होते. तेही प्रेस्बिटेरियन संस्कारांत वाढलेले. त्यांनी फेब्रुवारी १८९० मध्ये सिडनीहून हाइड यांना जाहीर पत्र लिहिले. डेमियन यांचे दोष त्यांनी एकेक करून मान्य केले, आणि ते मान्य करूनच हाइड यांना उघडे पाडले. आम्ही कॅथलिकांनी ते पत्र डोक्यावर घेतले. स्टीव्हन्सन यांना पुढे मात्र आपण त्या माणसाशी फार कठोर झालो याची टोचणी लागली, ही गोष्ट आमच्या वर्गात कोणी सांगितली नाही.

हाइड यांच्या आरोपामागे एक वैद्यकीय समजूत होती. कुष्ठरोग हा उपदंशाचाच शेवटचा टप्पा, असे हवाईतील काही डॉक्टर त्या काळी प्रतिपादन करीत. म्हणजे रोग झाला तो अनीतीने. ज्या वर्षी डेमियन मोलोकाईला गेले, त्याच १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे डॉ. हान्सेन यांनी कुष्ठरोगाचे जंतू पाहिले होते. पण सूक्ष्मदर्शकात दिसलेले मनाला दिसायला वेळ लागतो. शिष्यांनी सिलोआम तळ्याच्या वाटेवर विचारलेला प्रश्न एकोणिसाव्या शतकाने शास्त्राच्या भाषेत पुन्हा विचारला, एवढाच फरक.

डेमियन यांच्या मृत्यूचे पडसाद आपल्या दाराशीही उमटले. त्यांच्या स्मरणार्थ १८८९ मध्ये लंडनमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कुष्ठनिधी उभा राहिला, आणि त्या निधीतून १८९०-९१ मध्ये एक आयोग हिंदुस्थानात पाठवण्यात आला. गावोगावचे रोगी तपासून आयोगाने निष्कर्ष काढला की, संसर्गाचा धोका फार थोडा आहे आणि सक्तीने वेगळे ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही. अहवाल मागवणाऱ्यांना तो रुचला नाही. १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांचा कायदा झालाच, आणि तो प्रामुख्याने निर्धन, भीक मागणाऱ्या रोग्यांना पकडून ठेवण्यासाठी. पैसेवाल्याचा रोग त्याच्या माडीवर सुरक्षित राहिला. हा कायदा पुस्तकातून जायला २०१६ साल उजाडले. मुंबईत याच सुमारास, १८९० मध्ये, महापालिकेचे आयुक्त हॅरी अक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला निराश्रित कुष्ठरोग्यांचा आश्रम सुरू झाला. आज वडाळ्याचे रुग्णालय त्यांचे नाव लावते. मराठी वाचकाला अक्वर्थ दुसऱ्या नात्यानेही परिचित आहेत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे तेच. शाहिरांचे शब्द आणि रस्त्यावरचे रोगी एकाच माणसाने एकाच काळात गोळा करावेत, हा योगायोग आम्हाला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

औषधाचाही एक प्रवास सांगण्यासारखा आहे. कोकणातील आणि सह्याद्रीतील कडू कवठाच्या बियांचे तेल कुष्ठरोगावर वापरण्याचा प्रयोग मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी केला होता. ते १८७४ मध्ये वारले. चालमोगरा आणि कडू कवठ यांच्या वर्गातील हे तेल जगभर वापरले जाई, परंतु पोटात घेतल्यास उमाळे येत आणि टोचल्यास गाठी होत. १९१५ च्या सुमारास हवाईच्या महाविद्यालयातील ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ महिलेने ते टोचता येईल असे रूप शोधून काढले. १९१६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती वारली आणि तिचे संशोधन दुसऱ्याच्या नावावर प्रसिद्ध झाले. रोगाशी लढणाऱ्यांतही जातपात असते! खरा उतारा सल्फोन औषधांनी मिळाला. १९४६ मध्ये ती कालाउपापात पोहोचली. सक्तीचे विलगीकरण मात्र १९६९ पर्यंत चालले. औषध आले त्यानंतरची तेवीस वर्षे कोणत्या रोगाची होती, ते वाचकांनीच ठरवावे.

आपल्या समाजाविषयीही एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. भारतातील ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाच्या कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून नोंदलेले होते. इतर धर्मीयांच्या कायद्यांतही होते. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, हे सर्वांना माहीत असताना ते कलम २०१९ मध्ये काढण्यात आले. त्या कलमाविरुद्ध आमच्या व्यासपीठांवरून आणि नियतकालिकांतून किती आवाज उठला? आम्ही आमचाच हिशेब तपासला, तेव्हा आमच्या लेखणीतून त्यावर एक ओळही उतरली नव्हती असे आढळले. डेमियन यांच्यावर मात्र आम्ही याआधी तीन लेख लिहिले आहेत.

ज्यांचा हा इतिहास, त्यांनी तो स्वतः सांगायला केव्हाच सुरुवात केली होती. अँब्रोज हचिसन हे रोगी १८७९ मध्ये तरुणपणी तेथे आले, पन्नासहून अधिक वर्षे जगले, वसाहतीचे प्रमुख अधिकारी झाले, आणि डेमियन यांच्याविषयी आठवणी लिहून गेले. एका मरणासन्न माणसाला ढकलगाडीतून नेऊन एका खोपटाच्या दारात ओतून दिल्याचे, आपण आल्यावर पाहिलेले दृश्य त्यात आहे. म्हणजे क्रौर्य नव्हते असे नाही. पण ते पाहून ज्याला लाज वाटली, तोही रोगीच होता. विसाव्या शतकात बर्नार्ड पुनिकाया यांनी रोग्यांच्या हक्कांसाठी सरकारशी झुंज दिली. कुष्ठरोगातून गेलेल्या माणसांची जी आंतरराष्ट्रीय संघटना १९९४ मध्ये ब्राझीलमध्ये स्थापन झाली, तिच्या अग्रणींत पुनिकाया होते आणि तमिळनाडूचे डॉ. पी. के. गोपाल हेही होते. कालाउपापातील सर्व, सुमारे आठ हजार, रोग्यांची नावे कोरलेले स्मारक तेथे उभारण्यास परवानगी देणारा कायदा अमेरिकेत २००९ मध्ये झाला. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी डेमियन यांना संतपद बहाल केले, आणि कालाउपापाचे अकरा वृद्ध रहिवासी त्या सोहळ्यासाठी रोमला गेले होते. मदर मरियान यांना २०१२ मध्ये संतपद मिळाले.

आज कालावाओला जाणाऱ्याला थोड्याच अंतरात दोन मंदिरे दिसतात, सिलोआमा आणि संत फिलोमिना. डेमियन पहिले काही दिवस छप्पर नसल्याने या दुसऱ्या मंदिराशेजारी हालाच्या झाडाखाली झोपले होते. हाला म्हणजे आपल्या केवड्याच्या कुळातलेच झाड. आपल्याला त्याच झाडाखाली पुरावे, अशी त्यांची इच्छा होती आणि तसे झाले. १९३६ मध्ये बेल्जियमने त्यांचा देह मागवून घेतला आणि तो लूव्हेनला नेण्यात आला. रोग्यांना ते फार लागले. १९९५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी डेमियन यांना धन्यवादित घोषित केल्यानंतर त्यांच्या उजव्या हाताचे अवशेष हवाईला परत देण्यात आले. मिरवणुकीने ते कालाउपापात आणले गेले आणि जुन्या कबरीत पुन्हा पुरले गेले. उरलेला देह लूव्हेनमध्ये आहे. ज्या हाताने बाकांजवळच्या जमिनीत भोके पाडली, तो तेवढा मोलोकाईला आहे.